कन्हानला ऐकू येत नाही

निखारेकाकूंशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला वाटायचं, या बाईंना एकतर कमी ऐकू येतं, नाहीतर आपलंच काहीतरी चुकलंय. तुम्ही काही विचारलंत की त्या लगेच उत्तर देत नसत. तुमचं वाक्य संपलं की श्वासभर थांबायच्या, तुमच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग बोलायच्या. आमच्या नागपुरात ही रीत नाही. इथे दोघं बोलायला लागले की चार वाक्यं एकाच वेळी हवेत असतात आणि तरी दोघांनाही सगळं समजतं.

त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला आम्ही गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याने विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" काकू थांबल्या. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. त्या पुन्हा थांबल्या. मग त्याने पाण्याबरोबर गच्चीचंही विचारलं, गाडी कुठे लावायची तेही विचारलं, आणि तो जितका बोलत गेला तितक्या त्या गप्प होत गेल्या. शेवटी आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "साहेब, बटन सोडा. मंग ती बोलन."

बटण सोडा म्हणजे काय, ते सामान घेऊन राहायला आल्यावर कळलं. काकू पोलिसांच्या वायरलेसवर होत्या. निवृत्त होईपर्यंत कंट्रोल रूममध्ये माइकसमोर बसल्या. वायरलेसवर फोनसारखं दोघांना एकदम बोलता येत नाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कोणालाच काही कळत नाही. सगळं आयुष्य असं काढलेल्या बाईला समोरच्याचं बटण सुटल्याची खात्री पटल्याशिवाय तोंड उघडवत नसे. मला विचाराल तर लग्नाळू मुलामुलींना पत्रिका बघण्याआधी हे शिकवायला पाहिजे.

घरातलं सगळंच वायरलेसच्या चालीने चाले. काकासुद्धा त्याच खात्यातले. त्यांनी नोकरीतली बरीच वर्षं कन्हानला सेटवर काढली होती. वायरलेसवर माणसाला नाव नसतं, जागेचं नाव असतं. म्हणून काकू त्यांना "कन्हान" म्हणत आणि ते काकूंना "कंट्रोल". नवऱ्याचं नाव घेऊ नये ही जुनी रीत काकूंनी अशी पाळली की त्याच्या बदल्यात नदीकाठचं अख्खं गाव घेतलं. स्वयंपाकघरातून हाक यायची, "कन्हान, कन्हान, कंट्रोल. चहा झाला." अंगणातून उत्तर यायचं, "चार." की काका उठलेच.

चार म्हणजे ऐकलं, समजलं. दोन म्हणजे थांबा. सात म्हणजे नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. नऊ म्हणजे काम संपलं, सेट बंद करतो. या नऊचे दोन नियम होते. एक, समोरच्याने चार दिल्याशिवाय तो लागू होत नाही. दुसरा, बाकी सगळे सेट बंद झाल्यावर शेवटी कंट्रोल बंद होतो, आधी कधीच नाही. असे कितीतरी आकडे काकूंना पाठ होते. मला शिकवताना त्यांनी बजावलं होतं, "कोणाले खरे नंबर सांगायचे नाई वं. पोलिसाचं काम आहे ते." खात्याने ती यादी नंतर कितीदा तरी बदलली, आता मला कोणी धरायला येणार नाही. तरी त्यांचा शब्द मोडायला नको म्हणून इथले आकडे मी बदलून लिहिलेत. फक्त सात तेवढा खरा ठेवलाय. तो बदलला तर निखारेकाकूच बदलतील.

एकदा मी विचारलं, "काकू, पण आकडे कशाला? सरळ 'पुन्हा सांगा' म्हटलं तर काय बिघडतं?"

त्या श्वासभर थांबल्या. "आकड्याले गळा नसते," म्हणाल्या. "माणूस म्हणते, अपघात झाला. तं त्याचा आवाज हलते. त्याचा हलला का ऐकणाऱ्याचाबी हलते. मंग कोणाच्यानंच काम होत नाई. आकडा भरून येत नाई. म्हणून आकडा."

त्या तांडापेठेतल्या विणकरांच्या घरातल्या. वडील हातमागावर बसायचे आणि आई ताण्याचे धागे मोठ्याने मोजायची. मध्ये कोणी काही विचारलं तर मोजणं न थांबवता त्याच चालीत उत्तर द्यायची: बारा, तेरा, चौदा, भात उतरव वं, पंधरा. आई चिडलीय की खुशीत आहे, हे आकडा कसा पडतो त्यावरून मुलींना कळायचं. त्यामुळे खात्यात भरती झाल्यावर बाकीच्यांना यादी पाठ करताना घाम फुटला, काकूंना मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्यांचा आवाज मी आधी ऐकला आणि मग त्यांना ओळखायला लागले, असंच म्हणावं लागेल. उन्हाळ्याच्या दुपारी आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं असायचं. बाहेर ऊन इतकं पांढरं की समोरच्या घराची भिंत दिसायची नाही. खिडक्यांना ओले पडदे, खाली-वर दोन्हीकडे कूलरची घरघर, वाळ्याचा गार वास. त्या घरघरीत माणूस झोपत नाही आणि जागाही राहत नाही. मी शाळेत शिकवून घरी येऊन आडवी झालेली असायची आणि उशाशी ठेवलेला हँडसेट खरखरायचा.

"वरचा मजला, वरचा मजला, कंट्रोल."

हे हँडसेट त्यांच्या पुतण्याने, मंगेशने, सीताबर्डीवरून आणून दिले होते. कोणालाही वापरता येतात, लायसन्स लागत नाही, खेळण्याहून थोडे बरे. निवृत्तीनंतर काकू हाताने उगीचच हवेत बटण दाबत असतात हे बघून त्याने ते आणले. एक त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि एक मला दिला, आणि त्या दिवसापासून माझं नाव वरचा मजला झालं. निरोप साधे असायचे. पन्हं केलंय, खाली ये. गच्चीवरचे कपडे करपून जातील, उचल. आवाज गोड नव्हता, जडही नव्हता. धुऊन वाळवलेल्या सुती लुगड्यासारखा होता, स्वच्छ आणि थोडा खरखरीत. गुंगीत मला वाटायचं, हा आवाज खालच्या खोलीतून येत नाहीये, कुठल्यातरी जुन्या दुपारी निघालाय आणि आत्ता पोचतोय.

कधी मी झोपेतच राहायची. मग त्या पुन्हा सांगायच्या. तरी उत्तर नसलं तर आणखी एकदा. दुसऱ्या वेळचा आवाज पहिल्याइतकाच ताजा असायचा आणि तिसऱ्या वेळचाही. आम्ही बायका "किती वेळा सांगायचं?" हे वाक्य हुंड्यात आणल्यासारखं वापरतो. काकूंच्या तोंडून ते मी कधीच ऐकलं नाही. पुन्हा सांगणं हेच त्यांचं काम होतं आणि त्याचा त्यांना कंटाळा येत नव्हता.

आमच्या ले-आउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, गणपतीत महाप्रसादाला गर्दी फार होते. एका वर्षी मंडळाच्या पोरांनी असलेच हँडसेट आणले आणि ऐटीत मिरवत फिरू लागले. ऐन पंगतीत स्वयंपाकाच्या मंडपातल्या पोराने ओरडून सांगितलं, "भाजी संपून राहिली रे!" ते सगळ्या हँडसेटवर, सगळ्या पंगतींच्या डोक्यावर वाजलं. झालं. ज्यांच्या पानात भाजी होती तेसुद्धा वाटी घेऊन उठले. काकू खुर्चीवरून उठल्या, त्या पोराच्या हातातून हँडसेट घेतला आणि म्हणाल्या, "सगळे सेट, दोन." इतकंच. पोरांना दोन म्हणजे काय माहीत नव्हतं, तरी सगळे जागच्या जागी थांबले, आणि मला शपथेवर आठवतं, वाटी घेऊन उठलेली काही माणसंही थांबली. पुढच्या वर्षापासून महाप्रसादाला भाजीचा वेगळा आकडा, बुंदीचा वेगळा आकडा, आणि मधोमध खुर्चीवर काकू.

त्यांच्या लग्नाची गोष्ट मला दोघांनी मिळून सांगितली. म्हणजे थोडी एकाने सांगायची, मग बटण सोडायचं, मग दुसऱ्याने. पन्ह्याचे दोन ग्लास होईपर्यंत चालली.

काकू नव्या होत्या. कंट्रोलच्या खुर्चीवर बाई बसली म्हटल्यावर सगळ्या ठिकाणचे सेटवाले एकाएकी सभ्य झाले होते. कोण कसा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. फक्त एक गोष्ट लवकरच लक्षात आली. कन्हानला ऐकू येत नाही. कामठीला निरोप दिला की कामठी म्हणे चार. खापरखेडा म्हणे चार. कन्हान म्हणे सात. पुन्हा सांगितलं की पुन्हा सात. तिसऱ्यांदा कुठे चार यायचा.

"मले वाटलं, बयरा असन बिचारा," काकू म्हणाल्या. "मनात म्हटलं, असा माणूस सेटवर कसा बसवला?"

त्या थांबल्या. काकांनी ग्लास खाली ठेवला. "बयरा नव्हतो. पयल्याच बारीले सारं ऐकू ये. पर ड्यूटीवर फालतू एक शब्द बोलता ये ना. तिचा आवाज ऐकाचा तं दुसरा रस्ताच कोणता? सात म्हणलं का ते अजून एकदा बोले."

बाकीच्या सेटवाल्यांना हे केव्हाच कळलं होतं. चॅनल सगळ्यांचा एकच, त्यामुळे अख्खा जिल्हा रोज ऐकत होता. कळलं नव्हतं ते फक्त साहेबांना. साहेब कर्तव्यदक्ष. एक दिवस त्यांनी कंट्रोलमध्ये बसून ऐकलं आणि हुकूम सोडला, कन्हानचं एरियल ताबडतोब बदला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक माणसं घेऊन पोचला. नवा खांब, नवी तार, नवं एरियल. वर चढून, खाली उतरून, घाम पुसून त्याने चॅनलवर सगळ्यांना ऐकवलं, "एरियल नवं लावलं. हवा स्वच्छ आहे. आता कन्हानले सारं ऐकू येते."

काकांची पंचाईत झाली. आता सात म्हणायची सोय राहिली नाही. काही दिवस कन्हान प्रत्येक निरोपाला पहिल्याच वेळी चार देत राहिला, अगदी शहाण्यासारखा.

"अन् मले करमे ना," काकू म्हणाल्या आणि पदराने ओठ पुसले. "मंग एक दिवस त्यायनं काहीतरी साधाच निरोप देला. जीप निघाली का काय तो. अन् मी म्हटलं, सात."

कंट्रोलने आजवर कोणालाही पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. काका सांगत होते की त्यानंतर चॅनलवर जी शांतता पसरली ती कोणी वारल्यावरसुद्धा पसरत नाही. सगळे सेट श्वास रोखून बसले होते. मग कन्हानने तो निरोप पुन्हा दिला. जीप निघाली. दोन्ही घरांत माग होता, त्यामुळे सोयरीक जुळायला वेळ लागला नाही.

लग्नात सगळीकडचे वायरलेसवाले आले होते. काकूंना नाव घ्यायचा आग्रह झाला. त्यांनी श्वासभर वाट पाहिली आणि म्हणाल्या:

"संत्र्याच्या बागेत वारा सुटला मंद,
कन्हानरावांचं नाव घेते, बाकीचे सेट बंद."

कन्हानच्या पुराची गोष्ट मात्र काकू कधी सांगत नसत. काकांनी सुरू केली की त्या उठून आत जात आणि नसलेली भांडी घासत. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. वरून धरणाचं पाणी सोडलेलं, नदी पात्राबाहेर आलेली, आणि काका जीपमधल्या सेटवर काठाकाठाने वस्त्या रिकाम्या करायला निघालेले. त्यांचे निरोप येत होते आणि दुपारी एकाएकी थांबले. त्याच वेळी दुसऱ्या एका सेटवरून कळलं की पुलाकडच्या उतारावर एक जीप पाण्यात गेलीय. कोणाची, ते माहीत नाही.

काकू माइकसमोर होत्या. साहेब मागे उभे. दुसऱ्या कोणाला खुर्चीवर बसवू का, असं त्यांनी विचारलं. काकूंनी मान हलवली. बाकी ठिकाणांचे निरोप होते, ते त्यांनी एकेक करून दिले, आणि प्रत्येक निरोपानंतर एकदा म्हणत राहिल्या, "कन्हान, कन्हान, कंट्रोल." आवाज तोच. पुन्हा. पुन्हा.

"मी ऐकून राहिलो होतो ना," काका मला म्हणाले. "जीप पान्यात नव्हती माही, ते दुसरी होती. माही चिखलात बसली होती अन् माइक भिजून मेला होता. ते बोलावून राहिली अन् मले बोलता नाई येत. पर माइक मेला तरी बटन जित्तं असते. दाबलं का समोर खट् होते. मंग मी दाबलं."

कंट्रोलमध्ये खरखरीतून खट् आलं. मग आणखी एक. काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मोजलं. साहेबांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

काकू म्हणाल्या, "सात म्हणून राहिला, साहेब. पुन्हा सांगा म्हणते."

"मग सांगा की," साहेब म्हणाले.

आणि काकूंनी पुन्हा त्यांना हाक मारली. त्या वेळी त्यांचा आवाज हलला आणि आकड्याला गळा नसतो हे त्यांचं म्हणणं खोटं पडलं, असं जुने लोक सांगतात. काकू म्हणत, लोकांना काय, काहीही सांगतात.

मागच्या हिवाळ्यात, संत्र्याच्या दिवसांत, त्यांचा आवाज बसला. त्यांनी संत्र्यांना दोष दिला, मग थंडीला, मग माझ्या लोणच्याला. हँडसेटवर त्या बोलायच्या आणि नुसती हवा यायची. घरात हाक मारली की काका अंगणातून "सात" म्हणायचे, आणि मला वाटतं, एवढ्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा त्यांना खरोखरच ऐकू आलेलं नसायचं. त्यांच्या तोंडावर ते दिसायचं. सात म्हणताना पूर्वी जो मिश्कीलपणा असायचा तो गेला होता.

धंतोलीत एका डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि आम्हाला बसवून सांगितलं. रोग स्वरयंत्रात आहे. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. काकू श्वासभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चार." डॉक्टरांना कळलं नाही. काकांना कळलं. ते उठून बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि पाण्याच्या मशीनकडे तोंड करून उभे राहिले.

ज्या सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं त्या सकाळी माझा हँडसेट खरखरला आणि नुसत्या हवेतून जेमतेम शब्द आले. "वरचा मजला, कंट्रोल. आवाज चेक करून राहिली. कसा येऊन राहिला?"

"स्वच्छ," मी म्हणाले. मग हँडसेट बंद करून रडले.

ऑपरेशननंतर श्वासासाठी मानेत एक भोक राहिलं आणि बोलण्यासाठी त्यांना पाटी आणि खडू मिळाला. दूधवाला, मंगेश, मी, सगळ्यांसाठी त्या पाटीवर लिहीत. अक्षर सरळ आणि ठसठशीत. काकांसाठी मात्र पाटी कधी उचलली नाही. हातातल्या अंगठीने पलंगाच्या लोखंडी कडेवर टकटक करत. काका अंगणात असले तर स्टीलच्या पेल्यावर. चार टकटक, सात टकटक, दोन टकटक. "माइक मेला तं मेला," काका मला म्हणाले. "बटन आहे ना." दोघांचा संसार पुन्हा सुरळीत चालू झाला. फरक इतकाच की आता आकड्यांना खरोखरच गळा नव्हता.

उन्हाळा लागला आणि रोग परत आला. आता मानेत, आणखी खाली. डॉक्टर म्हणाले, भरती करा, पुन्हा ऑपरेशन करू, नळीने अन्न देऊ, काही महिने हातात येतील. कदाचित. काकूंनी पाटीवर लिहिलं, "दवाखान्यात नाही जाणार. घरीच राहणार." ती पाटी त्यांनी मंगेशला दाखवली, मला दाखवली. काकांनी पाटीकडे बघितलंच नाही. ते कपड्यांची पिशवी भरायला लागले.

गाडी आली त्या दुपारी मी खाली होते. मंगेश फाटकापाशी गाडी सुरू ठेवून उभा. बाहेर ते पांढरं ऊन, आत ओले पडदे आणि कूलरची घरघर. काकू पलंगावर बसलेल्या, मानेला रुमाल, अंगावर माहेरचं करवती काठाचं लुगडं. दाराशी पिशवी. काका म्हणाले, "चल वं, कंट्रोल. गाडी आली."

काकूंनी पलंगाच्या कडेवर अंगठी आपटायला सुरुवात केली. मी मोजलं. नऊ.

काम संपलं. सेट बंद करते.

काका दाराकडे बघत म्हणाले, "सात."

काकूंनी पुन्हा नऊ वाजवले, तितक्याच सावकाश.

"ऐकू नाई आलं. सात." मग ते वळले. "अन् कंट्रोल पयले बंद होत नाई. नियम आहे. आधी कन्हान बंद होते, मंग कंट्रोल. तूच शिकवलं साऱ्या जिल्ह्याले. आता तूच नियम तोडतं का?"

काकूंनी मान हलवली. नियम खरा होता, त्यांनी तो नाकारला नाही. फक्त पुन्हा नऊ वाजवले. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येत होता.

"कूलरचा आवाज होऊन राहिला," काका म्हणाले. "ऐकू नाई आलं मले."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि बोट कूलरकडे केलं. मी जाऊन बटण बंद केलं. पंखा फिरत फिरत थांबला. उन्हाळ्यात त्या घरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पडद्यावरून पाणी टपकल्याचंही ऐकू येत होतं. त्या शांततेत काकूंनी चौथ्यांदा नऊ ठोके दिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. निरोप पोचेपर्यंत पुन्हा द्यायचा, एवढंच.

 काका पलंगाजवळ आले आणि कडेवर बसले.  मंगेशने बाहेर एकदा हॉर्न दिला. मग काकांनी काकूंचा हात घेतला, तळवा वर केला आणि त्यावर बोटाने चार वेळा टकटक केलं. अगदी हळू, पण चार.

काकूंनी डोळे मिटले आणि खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला, गळ्याच्या त्या नव्या वाटेने, थोडी शीळ वाजवत.

"वरचा मजला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंगेशले सांग, गाडी वापस ने."

नंतर काकू फार दिवस राहिल्या नाहीत, पण घरी राहिल्या. उन्हाळा सरायच्या आधी, एका पहाटे झोपेतच गेल्या. मी तो दिवस आठवायला जात नाही. माझ्या डोळ्यांपुढे राहिलेल्या काकू त्याच्या थोड्या आधीच्या आहेत.

दुपार होती. मी पन्हं घेऊन जिना उतरत होते. आता मी करून त्यांच्यासाठी न्यायची. काकूंचा पलंग दारातून दिसायचा. त्या उशीला टेकून पडल्या होत्या, काका खाली चटईवर, पलंगाला पाठ लावून, डोळे मिटलेले. काकूंचा हात खाली लोंबत होता आणि बोटं काकांच्या खांद्यावर होती. त्यांनी खांद्यावर हलकेच काहीतरी वाजवलं. किती ठोके ते मला जिन्यावरून मोजता आलं नाही. यादीतला आकडा होता की दोघांमधला, कोण जाणे.

काका डोळे न उघडता म्हणाले, "सात."

काकूंनी पुन्हा वाजवलं.

"सात."

काकू हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. आणि त्यांनी पुन्हा वाजवायला सुरुवात केली. मी पायरीवरच थांबले. कूलर त्या दुपारी बंद होता, खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. एरियल नवं होतं, हवा स्वच्छ होती, आणि कन्हानला सगळं ऐकू येत होतं.